आपल्या गावातील आर्थिक वाढ आणि सामाजिक बदल कसा अभ्यासावा

देशाचे उत्पन्न वाढले म्हणजे समाजही पुढे गेला, असे गृहीत धरून विकसनशील देशांविषयी पुष्कळ लिहिले जाते. या गृहीतकाला 1990 साली मोठा छेद गेला. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक मांडला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण यांनाही मोजमापात स्थान दिले. हीच दृष्टी एखाद्या वाडीला किंवा तांड्यालाही लावता येते. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 894 होती, ती 2011 मध्ये 807 वर आली. नेमक्या याच दशकात देशाची अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती आणि मोबाईल खेडोपाडी पोहोचत होता. म्हणून वाढ आणि बदल यांची नोंद वेगवेगळी घ्यावी आणि मगच त्यांचा परस्परसंबंध तपासावा. महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांना मराठवाड्यातील आपल्याच गावात हे काम कसे करता येईल, ते पुढे सांगितले आहे.

प्रथम तुलनेचे वर्ष ठरवावे. ‘पूर्वी’ हा शब्द अभ्यासात निरुपयोगी असतो, कारण प्रत्येकाचे ‘पूर्वी’ वेगळे असते. वयस्क माणसांना सन आठवत नाही, प्रसंग मात्र पक्का आठवतो. हैदराबाद संस्थानावरील पोलीस अ‍ॅक्शन म्हटले की 1948, मोठा दुष्काळ म्हटले की 1972, किल्लारीचा भूकंप म्हणजे सप्टेंबर 1993, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार म्हणजे जानेवारी 1994, आणि लातूरला रेल्वेने पाणी आले ते 2016. ‘भूकंप झाला तेव्हा तुमच्या घरावर छत कशाचे होते?’ या प्रश्नाला जितके नेमके उत्तर मिळते, तितके ‘तीस वर्षांपूर्वी घर कसे होते?’ या प्रश्नाला कधीच मिळत नाही. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे दोन प्रसंग निवडावेत आणि प्रत्येक घरी त्याच दोन प्रसंगांविषयी विचारावे.

घरोघरी जाण्याआधी कागद पाहावेत. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या, साक्षरता, शेतकरी व शेतमजूर यांची संख्या मिळते. मात्र जुन्या पुस्तिका शोधताना जिल्ह्यांचा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. 1951 ची जनगणना झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाला. त्यामुळे लातूरकडील गावाचे जुने आकडे उस्मानाबाद जिल्ह्यात आणि हिंगोलीकडील गावाचे परभणी जिल्ह्यात शोधावेत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, घराचे वर्णन असते; माळवद (मातीचे सपाट छत), पत्रा आणि स्लॅब यांची वर्षवार संख्या काढली तर बांधकामाचा इतिहास समोर येतो. सातबाऱ्यातील नमुना 12 वरून पिके समजतात, आणि 2021 पासूनची माहिती ई-पीक पाहणीत आहे. शाळेचे जनरल रजिस्टर हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज आहे. त्यातील प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि पालकाचा व्यवसाय एवढे रकाने जरी पाहिले, तरी कोणत्या वस्तीतील मुली कोणत्या काळात शाळेत येऊ लागल्या आणि कोणत्या इयत्तेत गळाल्या, हे स्पष्ट होते. रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि नावे उतरवून घेऊ नयेत.

जनगणनेच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी मराठवाड्यात विशेषच बाळगावी लागते. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. तो साखर कारखान्यांचा गाळप हंगाम असतो, आणि आष्टी, पाटोदा, धारूर या तालुक्यांतील कित्येक गावांची निम्मी घरे तेव्हा कुलूपबंद असतात, कारण माणसे ऊसतोडीला बाहेर गेलेली असतात. गणनेच्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे असेल तिथे मोजला जातो. त्यामुळे ऊसतोड गावाचा आकडा प्रत्यक्षाहून कमी असू शकतो. याच कारणाने आपली पाहणी दिवाळी ते गुढीपाडवा या काळात करू नये. कारखाने बंद होऊन माणसे परतल्यानंतर आणि मृगाची पेरणी सुरू होण्याआधी जे आठवडे मिळतात, तेच या कामाला योग्य असतात.

घरे निवडताना सरपंचांनी सुचवलेल्या घरांवर विसंबू नये. नमुना 8 मधील यादी वस्तीवार लावावी आणि प्रत्येक वस्तीतील दर पाचवे घर घ्यावे. चारशे उंबऱ्यांच्या गावात अशी ऐंशी घरे होतात. एखादी वस्ती पंधरा-वीस घरांचीच असेल, तर तेथील सर्व घरे घ्यावीत, अन्यथा तिचा आवाज सरासरीत हरवतो. मुख्य गाव, दलित वस्ती, तांडा आणि शेतातील आखाडे (शेतावर राहणाऱ्यांची घरे) यांचे आकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत.

उत्पन्न थेट विचारून खरे उत्तर क्वचितच मिळते. यात लबाडी नसते, कारण शेतीचे उत्पन्न वर्षभर तुकड्यातुकड्यांनी येते आणि त्याचा हिशोब बहुतेकांनी कधी मांडलेलाच नसतो. त्याऐवजी खर्च विचारावा आणि पैसा कोठून आला ते विचारावे. ‘कर्ज किती आहे?’ असे न विचारता ‘यंदा पेरणीचे बी आणि खत कशावर आणले?’ असे विचारले की बँक, सोसायटी, बचत गट, कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकार किंवा मुकादमाची (ऊसतोड टोळीच्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, यांपैकी खरा मार्ग आपोआप सांगितला जातो. दोन प्रसंगांच्या दरम्यान हा मार्ग कसा बदलला, हीच मुख्य नोंद आहे.

रुपयांतील मजुरीची तुलना महागाईमुळे फसवी ठरते. 1993 ची मजुरी आणि आजची मजुरी समोरासमोर ठेवली तर प्रगती अफाट भासते. यावर सोपा उपाय असा की, दिवसाच्या मजुरीत त्या काळी किती किलो ज्वारी येत होती आणि आज किती येते, ते काढावे. ज्वारी मराठवाड्याचे मुख्य धान्य असल्याने जुना भाव सांगणारी माणसे अजून भेटतात, आणि बाजार समितीच्या जुन्या नोंदींवरून त्याची खातरजमा करता येते. बाईची आणि पुरुषाची मजुरी अर्थातच वेगळी मोजावी. त्यांतील अंतर घटले की तसेच राहिले, हा प्रश्न मला एकूण मजुरीच्या वाढीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पिकांतील बदल हा केवळ शेतीचा विषय समजू नये. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली तेव्हा हाती रोकड आली, पण ज्वारी गेली की कडबा जातो आणि कडबा गेला की दारातील बैलही जातो. बैल गेल्यावर ट्रॅक्टरचे भाडे रोखीने द्यावे लागते आणि सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या ठरावाने ठेवलेल्या गड्याची, गरज उरत नाही. गावात पाडव्याला शेवटचा सालगडी केव्हा ठरला, त्याचे साल, म्हणजे वर्षाचा ठरलेला मोबदला, किती होते आणि त्याची मुले आज काय करतात, हे जरूर विचारावे. बांधील चाकरीतून सुटलेला माणूस पुण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे गेला की उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेला, यावर त्याच्या सुटकेचा अर्थ अवलंबून असतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल जोडीच्या नावावर चढते आणि हिशोब मात्र मुकादम व पुरुष यांच्यात होतो. म्हणून उचलीचे पैसे कोणाच्या हाती आले आणि हंगामात मुले हंगामी वसतिगृहात राहिली, आजीजवळ राहिली की फडावर गेली, हे दोन प्रश्न त्या घरातील स्त्रीला स्वतंत्रपणे विचारावेत. पाहणीला जाताना सोबत एक मुलगी असणे त्यासाठी आवश्यकच आहे. पुरुष ओसरीवर बसलेले असताना सुनेकडून उत्तर मिळत नाही, मात्र मावशींना चुलीपाशी किंवा हापशावर गाठले तर त्या सविस्तर सांगतात.

स्त्रियांच्या स्थितीचा सर्वांत भक्कम पुरावा तलाठी कार्यालयात असतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये झाली. गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडून मागील दहा वर्षांतील वारसाच्या नोंदी मोजाव्यात. किती नोंदींत मुलींची नावे लागली, आणि त्यांतील किती नावे पुढे हक्कसोडपत्राने कमी झाली, हे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. एका फेरफाराने बहिणींची नावे चढतात आणि पुढच्याच एका फेरफाराने, कोणताही मोबदला न घेता, ती उतरतात. माहेर तुटू नये म्हणून सही केल्याचे सांगणाऱ्या बहिणी प्रत्येक गावात भेटतील. लक्ष्मी मुक्ती योजनेतून पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर आलेली खाती किती आहेत, तेही पाहावे. पंचायतीत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. मात्र ग्रामसभेच्या इतिवृत्तात स्त्रियांनी मांडलेले विषय किती, यावरून त्या जागांचा खरा वापर कळतो.

आकडे मांडताना सरासरीपाशी थांबू नये. समजा, दहा घरांपैकी नऊ घरांचा वार्षिक खर्च प्रत्येकी 80 हजार आणि एकाचा 20 लाख रुपये आहे. सरासरी 2 लाख 72 हजार येते, जी दहांपैकी एकाही घराची खरी स्थिती सांगत नाही. सर्व घरे चढत्या क्रमाने लावून मधल्या घराचा आकडा घ्यावा. शाळेत शिकवला जाणारा मध्यक तो हाच, आणि येथे तो 80 हजार आहे. वस्तीवार मध्यक काढल्यावर कोणती वस्ती पुढे गेली आणि कोणती जागच्या जागी राहिली, ते दिसते. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत जिल्हा आणि विभाग यांच्या अनुशेषाच्या भाषेत झाली. ती आवश्यकच होती, परंतु गावातील दोन वस्त्यांमधला अनुशेष त्या हिशोबात येत नाही. तो या पाहणीत आला पाहिजे.

मसुदा तयार झाल्यावर तो प्रथम प्रत्येक वस्तीत आणि नंतर ग्रामसभेत वाचून दाखवावा. कर्ज, हक्कसोड आणि उचल यांच्या नोंदींतून घर ओळखू येत असेल, तर ते तपशील गाळावेत. एखाद्या वस्तीने आकडा नाकारला तर त्यांचे म्हणणे त्या आकड्याशेजारीच नोंदवावे. निवडलेल्या घरांची क्रमवार यादी बंद लिफाफ्यात विभागप्रमुखांकडे किंवा जबाबदार शिक्षकाकडे ठेवावी, म्हणजे नव्या जनगणनेचे गावनिहाय आकडे हाती आल्यावर त्याच घरांची पुन्हा पाहणी करता येईल.