रक्तवाहिन्यांवर प्रबंध लिहिताना मी न मोजलेली उंची

प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचला (एमएसनंतरच्या पदवीला) नुकताच प्रवेश घेतलेल्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोजमापावर प्रबंध करू पाहणाऱ्या नव्या सहकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे बसवायचा ऊतींचा तुकडा, कसा घेतात आणि मायक्रोस्कोपखाली दोन मिलिमीटरची धमनी जोडताना हात कसा थरथरतो, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

माझा विषय होता रेडियल धमनीच्या (मनगटाकडे जाणाऱ्या, अंगठ्याच्या बाजूच्या धमनीच्या) व्यासातील स्त्री-पुरुष फरक. तो क्षुल्लक नाही. समजा, एका धमनीचा व्यास 2.5 मिलिमीटर आणि दुसरीचा 2.2 आहे. फरक 12 टक्क्यांचाच दिसतो, पण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे इतर सर्व सारखे असताना दुसऱ्या धमनीतून सुमारे 40 टक्के कमी रक्त जाईल. हे गणित मांडून सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झाला, तेव्हा मी फार खूश होतो.

सुमारे आठ महिने मी डॉपलर सोनोग्राफीने मोजमापे घेतली. पुरुषांचा सरासरी व्यास जास्त आला आणि मी ‘लिंगभेद सिद्ध’ असे लिहूनही टाकले. गाइड सरांनी तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला, ‘‘उंची कुठे आहे?’’ ती नव्हती. भूलपूर्व तपासणीच्या फॉर्ममध्ये वजन होते, पण उंचीचा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा होता, कारण तो भरायचा असतो हेच आम्हा निवासी डॉक्टरांच्या लक्षात आले नव्हते.

हा सापळा नीट समजून घ्या. धमनीचा व्यास शरीराच्या आकारमानानुसार बदलतो आणि पुरुष सरासरीने उंच असतात. म्हणून केवळ दोन सरासऱ्या शेजारी मांडल्या, तर जो फरक दिसतो तो लिंगाचा की उंचीचा, हे कोणालाही सांगता येत नाही. त्यातच आमच्याकडील पुरुष रुग्ण बहुतेक तोंडाच्या कर्करोगाचे होते, वर्षानुवर्षे तंबाखू खाल्लेले, तर स्त्रिया मुख्यतः स्तनाच्या पुनर्रचनेसाठी आलेल्या होत्या. म्हणजे मी स्त्री आणि पुरुष यांची नव्हे, तर दोन वेगळ्या आजारांच्या, वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या बांध्याच्या माणसांची तुलना करीत होतो. पोटावरच्या डीआयईपी फ्लॅपचेही असेच आहे: तो प्रामुख्याने स्तनाच्या पुनर्रचनेसाठी वापरला जात असल्यामुळे त्याच्या पर्फोरेटरविषयीची, म्हणजे खालून त्वचेपर्यंत येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांविषयीची, बहुतांश माहिती स्त्रियांची आहे, आणि ती पुरुषांना जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे.

सीटी अँजिओवर (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनवर) मोजणार असाल, तर आणखी एक हिशेब करा. 350 मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र एका ओळीत 512 चौकोनांत विभागले, की एक चौकोन जवळपास 0.7 मिलिमीटरचा होतो. तेव्हा एखाद्या रुग्णाच्या धमनीतील 0.3 मिलिमीटरच्या फरकावर छातीठोक विधान करू नका. कोणी ‘‘सीनियरचा तक्ता घे, आकडे बदल’’ म्हणाले, तर त्याचे ऐकू नका. तो तक्ता तुमच्याआधी त्यानेही कोणाकडून तरी घेतलेला असतो, त्यामुळे उंचीचा रकाना पिढ्यान् पिढ्या गाळला जातो. संख्याशास्त्रज्ञाकडे पहिल्या आठवड्यात जा. मी शेवटच्या महिन्यात गेलो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची दया अजून आठवते.

घाबरून विषय मात्र सोडू नका. शस्त्रक्रियेत हा गोंधळ मोठा अडथळा ठरत नाही, कारण शिरा जोडण्याचे कपलर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या मापांत येतात आणि माप रुग्णाच्या शिरेवरून निवडायचे असते, केसपेपरवरच्या ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ या शब्दावरून नव्हे. मांडीच्या एएलटी फ्लॅपमध्ये तर मला धमनीच्या व्यासापेक्षा स्त्रियांमधील जाड चरबीनेच अधिक छळले. तोंडाच्या आत बसवताना फ्लॅप पातळ करावा लागतो आणि त्यात पर्फोरेटर तुटण्याची भीती असते.

पुढे मी उंची, वजन, वय, तंबाखूचे व्यसन आणि धमनीची बाजू असे रकाने करून मोजणी नव्याने सुरू केली. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, ‘‘समान उंचीचे स्त्री-पुरुष घेतले, तर फरक उरतो का?’’ तशा जोड्या इतक्या थोड्या होत्या, की ‘‘माझ्या आकड्यांवरून सांगता येत नाही,’’ असे उत्तर द्यावे लागले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न फिब्युला फ्लॅपवर (नडगीशेजारच्या हाडाच्या फ्लॅपवर) विचारला.