अपाची वारंवार कोसळत असेल, तर आधी सिग्नलचा क्रमांक पाहावा
लिनक्सवरील अपाची या वेब सर्व्हरच्या प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) वारंवार कोसळत असतील, तर घाईने रीस्टार्ट करण्यापूर्वी एरर लॉगमध्ये नोंदलेला सिग्नलचा, म्हणजे प्रोसेस ज्या संकेतामुळे बंद पडली त्याचा, क्रमांक अवश्य पाहावा. तो ९ असेल, तर बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नेलनेच (लिनक्सच्या गाभ्यानेच) ती प्रोसेस बंद केलेली असते आणि तशी नोंद कर्नेलच्या लॉगमध्ये सापडते. ११ (मेमरीचा चुकीचा वापर) असेल, तर दोष मूळ अपाचीपेक्षा एखाद्या मॉड्यूलमध्ये (त्याला जोडलेल्या पूरक भागात) असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते, मात्र खात्रीसाठी कोअर डंप, म्हणजे कोसळतेवेळच्या मेमरीची जतन केलेली प्रत, हवाच. सर्व्हर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून सुरू होऊन नंतर दुसऱ्या युजरच्या नावाने चालतो, तेव्हा कर्नेल असा डंप रोखतो. म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये ‘कोअरडंपडिरेक्टरी’ स्पष्टपणे नेमावी, त्या फोल्डरमध्ये संबंधित युजरला लिहिण्याची परवानगी द्यावी, डंपच्या आकारावरील मर्यादा ‘यूलिमिट’ या कमांडने उठवावी आणि मिळालेली फाइल जीडीबी या डीबगरमध्ये (दोष शोधण्याच्या साधनात) उघडून बॅकट्रेस, म्हणजे कोसळण्यापर्यंतच्या फंक्शन कॉल्सची यादी, वाचावा.