ट्रेनिंगची फी भरण्याआधी: सिंथेटिक बायोलॉजी टीमनं या चुका टाळा

आयजेमसाठी, म्हणजे सिंथेटिक बायोलॉजीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेसाठी, बडोद्यात टीम काढली तेव्हा आमच्यापैकी कुणीच धड पिपेट (थेंबभर द्रव मोजून घ्यायचं साधन) धरलं नव्हतं. म्हणून जाहिरातीतली यादी बघून कोर्स निवडला: पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), जेल (डीएनएचे तुकडे आकारानं वेगळे करून बघणं), क्लोनिंग (डीएनएचे तुकडे जोडणं), ट्रान्सफॉर्मेशन (बॅक्टेरियाच्या पेशींत डीएनए घालणं), सगळं एका दिवसात! प्रत्यक्षात एका टेबलाभोवती अठरा जण, पिपेट मॅडमच्या हातात आणि प्लेटा आदल्या दिवशीच तयार. आम्ही फोटो काढले. सर्टिफिकेट मात्र छान जाड कागदावर होतं.

पहिली चूक इथेच झाली. यादी वाचू नका, कोर्समध्ये किती रात्री आहेत ते मोजा. ट्रान्सफॉर्मेशननंतर प्लेटवर कॉलनी (बॅक्टेरियाचे ठिपके) दिसायला ३७ अंशांवर एक रात्र जाते, कॉलनी उचलून कल्चर वाढवायला दुसरी. मगच मिनीप्रेप (कल्चरमधून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, काढणं) आणि जेल. एका दिवसात ‘सगळं’ म्हणजे प्लेटा दुसऱ्याच कुणाच्या.

दुसरी चूक महागात पडली: कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावायच्या प्लेटा, न शिकणं. स्वतः केलेल्या पहिल्याच ट्रान्सफॉर्मेशनची प्लेट सकाळी कोरी निघाली आणि कारण कुणालाच सांगता येईना. पुढच्या खेपेला सोबत तीन प्लेटा लावल्या. डीएनए न घातलेल्या पेशी साध्या आगरवर (प्लेटमधल्या पोषक जेलीवर): भरभरून उगवल्या, म्हणजे पेशी जिवंत. त्याच पेशी अँटिबायोटिकवर: काही नाही, म्हणजे अँटिबायोटिक ठीक. (इथे उगवल्या असत्या तर आगर फार गरम असताना अँपिसिलिन घातलं का, ते आधी विचारायचं.) नेहमीचं पीयूसी१९ प्लाझ्मिड (यामुळे पेशी अँपिसिलिनवरही तगतात) घातलेल्या पेशी अँटिबायोटिकवर: कोरी! म्हणजे आमच्या डिझाइनचा दोष शोधण्याआधी पेशींकडेच बघायला हवं होतं. त्या उणे ८० अंशांतून काढून ॲक्टिवावरून आणल्या होत्या, मे महिन्यात, आणि वितळलेल्या नळ्या आम्ही साध्या फ्रीजरमध्ये पुन्हा गोठवल्या होत्या. डीएनए आत शिरावा म्हणून पेशींना हीट शॉक ४२ अंशांवर अर्धा-पाऊण मिनिट द्यायचा असतो. आमच्या पेशींना तो रावपुऱ्याच्या सिग्नललाच बसला असावा.

तेव्हा कोर्सवाल्यांना फोनवर दोनच गोष्टी विचारा: एका पिपेटमागे किती मुलं, आणि प्लेट कोरी आली तर काय करता? ‘आमच्याकडे कोरी येतच नाही’ असं उत्तर मिळालं तर फोन ठेवा.

प्रोजेक्ट यीस्टवर आणि ट्रेनिंग ई. कोलाय या बॅक्टेरियावर, असंही होतं. जमलं तर स्वतःचं प्लाझ्मिड न्यायची परवानगी मागा. एकाला पाठवून ‘तो येऊन शिकवेल’ म्हणू नका. परीक्षा आल्या की नेमका तोच गायब होतो. आणि फी भरण्याआधी गावात विचारा: सयाजीराव विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचे वेगवेगळे विभाग आहेत. एखाद्या पीएचडीवाल्या ताईच्या शेजारी आठवडाभर उभं राहायला मिळालं, तर मी कोर्स सोडून तिकडे जाईन.

पहिल्या दिवशी पिपेट मात्र स्वतः तपासा. काट्यावर १०० मायक्रोलिटर पाणी सोडा; ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. आमच्यातल्या एकाचं दर वेळी वेगळं भरायचं. तो बटण पहिल्या टप्प्याऐवजी दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून मग पाणी ओढत होता.