घरात कॅन्सरचं आजारपण असेल तर: पेशंटला आणि घराला कसं सांभाळावं

बायोप्सीचा रिपोर्ट आला की कोकणातल्या बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो "आईला सांगू नका" हा. हेतू चांगला असतो, पण त्याने भलतंच होतं. हॉस्पिटलच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असतं, शेजारच्या खाटेवरची बाई सगळं सांगते, आणि आईला दोन दिवसांत कळतं. मग तीही न कळल्याचं सोंग घेते. घरात सगळे जण असूनही तिला बोलायला कोणी उरत नाही. तोंड आलंय, जुलाब होतायत, हेही ती "उगाच घाबरतील" म्हणून लपवते, आणि तिथे उपचार बिघडतात.

सांगायचं कसं? डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोललेल्या एकाच माणसाने, घर रिकामं असताना. आधी विचारा, "तुला काय वाटतं, काय झालंय?" मग, "सगळं सांगू, की पुढे काय करायचं तेवढंच?" ती म्हणाली "माका नको सांगू, तूच बघ," तर तोही तिचाच निर्णय, आठवड्याने पुन्हा विचारा. सांगताना एक गोष्ट सांगून थांबा. रडू आलं तर लगेच "काय होत नाय गो" म्हणून बोलणं तोडू नका. किती दिवस आहेत असा प्रश्न आला तर अंदाज ठोकू नका, पुढच्या ओपीडीत तो डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा. वहीत दर खेपेला तीनच प्रश्न लिहून न्या. दहा नेले तर गर्दीत एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

दुसरं काम माणसं वाटून घेण्याचं. पेशंट गावात, मुलगा डोंबिवली-विरारला, उपचार मुंबईत परळला, चिपळूणकडे डेरवणला किंवा गोव्यात बांबोळीला, अशी ओढाताण इथे नेहमीची. एकाने फाइल आणि डॉक्टर सांभाळावेत, दुसऱ्याने पैसे आणि कागद, तिसऱ्याने गावचं घर, गुरं, कलमांची राखण. शेवटचं काम लोक विसरतात, आणि पेशंटचा अर्धा जीव तिथेच अडकलेला असतो. तब्येतीची बातमी रोज संध्याकाळी एकानेच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावी, म्हणजे पेशंटला तेच वीस जणांना सांगावं लागत नाही.

कागदांसाठी आणि राहण्याच्या सोयीसाठी हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच खेपेला भेटा, पैसे संपल्यावर नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे) जा. उपचार सुरू करण्याआधीच जा, कारण आधी स्वतः भरलेले पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. रेल्वेत उपचाराच्या प्रवासासाठी पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलने भरून दिलेला फॉर्म लागतो. केमोची तारीख गणपतीच्या आठवड्यात येते का, तेही आधीच पाहा. तारीख थोडी सरकवता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतः सरकवू नका.

आता बघायला येणारी मंडळी. रोज ओटीवर पाच-सहा माणसं, चहा करणारी मात्र एकटी सून. येणाऱ्याला वेळ ठरवून द्या, चार ते पाच, आणि जाताना एक काम सांगा: दळण आणणं, लाइट बिल भरणं, चिपळूणपर्यंत सोबत येणं. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच काहीतरी सांगायचंच. सर्दी-खोकला असलेल्याला सरळ अंगणातून परत पाठवा, कारण केमोनंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

ताटवाटी वेगळी करणं ताबडतोब थांबवा. कॅन्सर भांड्यातून, अंथरुणातून पसरत नाही, बाहेरच्या मशीनच्या रेडिएशनने पेशंटच्या अंगात काही उरत नाही. नातवंडाला मांडीवर घेऊ द्या. कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं, तर घाला, त्याने मनाला धीर येतो. फक्त गुरवाला "केमो करू की नको" विचारू नका. करणीचा संशय घरात शिरला की पेशंटची देखभाल मागे पडते आणि भावकीतली भांडणं पुढे येतात.

तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटची परवड वेगळी. मशेरी लावायची म्हणून झालं, असं तिला दहा जण ऐकवतात, आणि ती उत्तरही देऊ शकत नाही. ऑपरेशननंतर लागेल म्हणून पाटी-पेन्सिल किंवा मोबाइलवर टाइप करायची सवय आधीच लावा. तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका. तिने लिहून होईपर्यंत थांबा. जेवताना लाळ गळते म्हणून ती लोकांत बसत नाही. पेज आधी तिला एकटीला द्या, मग पंगतीला नुसतं बसायला बोलवा. मशेरी सुटलेली नसेल तर ती गोष्ट ओपीडीत डॉक्टरांसमोर काढा, पाहुण्यांसमोर नको.

उदासपणा कधी मनावर घ्यायचा? दोन आठवडे जवळजवळ रोज मन उतरलेलं असेल, भजन, मालिका, बाग कशातच रस नसेल, "माझ्यामुळे घर बुडालं" हेच पालुपद असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थकवा आणि भूक नसणं केमोनेही होतं, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव निघतं आणि घर बिथरतं. तेव्हा सुरुवात फोनवरून करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा आली तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात टाका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण सुटी हवी, तीही वार ठरवून. नाही तर ती कधीच मिळत नाही. उपचार संपल्यावर फॉलोअपच्या आधीच्या आठवड्यात पेशंट चिडतो, झोप उडते. त्या दिवसांत तिकीट आणि सोबत कोण जाणार हे त्याला विचारायला लागू नये एवढं आधी पक्कं करून ठेवा.