सोलापूरहून अंदमानला निघताय? या चुका टाळा

आपल्याकडे सहलीचं गणित शाळेच्या सुट्टीवर बसतं. परीक्षा संपली, निकाल लागला की बॅगा भरायच्या. महाबळेश्वरला ते जमतं, अंदमानला नाही. मान्सून केरळच्याही आधी तिथे पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सोलापुरात आपण ४२ अंशांत आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो, तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला असतो. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून तर तिथलं जंगल बारमाही हिरवं. दिवाळीची सुट्टीही भरवशाची नाही, कारण परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं त्याच सुमाराला येतात. माझं स्पष्ट मत : जानेवारीत संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की निघा. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, बुडू द्या. मेचंच बुकिंग झालं असेल, तर निदान पहिल्या पंधरवड्यात जा आणि दोन दिवस मोकळे ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक परतीच्या दिवशी होते. आम्ही ती केली. स्वराजद्वीपहून, म्हणजे जुन्या हॅवलॉकहून, सकाळची बोट आणि त्याच दुपारी चेन्नईचं विमान. वारा सुटला, बोट रद्द झाली. विमान गेलं आणि चेन्नईहून सोलापूरची रेल्वेही गेली. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या मोजून आणलेल्या, त्या पुरतील की नाही या काळजीत रात्र काढली. म्हणून बेटांवरचे मुक्काम आधी उरका आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. (२०२४ पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.) जातानाही तोच नियम. रेल्वेने विमानाच्या आदल्या दिवशीच चेन्नई गाठा. आणि बोट रद्द झालीच, तर आधी जेटीवर पुढच्या बोटीसाठी नंबर लावा, मग विमान कंपनीला फोन करा. रद्द तिकिटाच्या पैशांचं नंतर बघता येतं. औषधं मात्र चार दिवसांची जास्तच न्या.

घड्याळ आपलंच, पण सूर्य तासभर पुढे. जानेवारीत साडेपाचच्या आत तो मावळतो. जेवून, जरा आडवं होऊन सहाला स्वराजद्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर गेलात तर अंधारच बघाल. पहाटे पाचला उठा, दुपारी विश्रांती घ्या.

'आम्हाला उन्हाची सवय आहे' हे सोलापूरकर हमखास म्हणतो. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत ३० अंशांतही घाम वाळत नाही, अंगावरच राहतो. गरगरलं तर सावलीत बसा, ओआरएस घ्या. आपले जाड टर्किश टॉवेलही तिथे दोन दिवस ओले राहतात, पातळ पंचा बरा.

शहीदद्वीपचा, म्हणजे जुन्या नील बेटाचा, नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका, हॉटेलात विचारून निघा. प्रवाळांवर पाय देऊ नका. एवढासा तुकडा वाढायलाही वर्षं लागतात. मगरीचा फलक दिसला तर पाण्यात उतरूच नका, स्थानिक माणूस उतरला तरी.

बाराटांग बेटाची सहल एजंट आग्रहाने गळ्यात मारतात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानेच सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं यांना कायद्याने बंदी आहे. मुलांना हे आदल्या रात्रीच समजावून सांगा. मी स्वतः पुन्हा तिकडे जाणार नाही. कुणाच्या घरातून डोकावत गेल्यासारखं वाटलं. शंख-प्रवाळही खिशात घालू नका, विमानतळावर सामान तपासतात.

सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. सावरकरांच्या कोठडीपुढे आपली माणसं बराच वेळ उभी राहतात, तिथे घाई नको. जेल कोणत्या दिवशी बंद असतं हे आधी विचारा आणि तुमचा पोर्ट ब्लेअरचा दिवस नेमका त्याच दिवशी येत नाही ना, हे तिकीट काढतानाच पाहा.