पणजोबांचा माग काढताय? या चुका टाळा

बहुतेक जण आजचं आडनाव आणि आजचा तालुका घेऊन शोधाला निघतात आणि तिथेच अडतात. जुन्या दप्तरात आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘राघू बिन धोंडी’, मराठवाड्यात ‘राघू वल्द धोंडी’ (दोन्हींचा अर्थ धोंडीचा मुलगा राघू), बाई असेल तर ‘सखू कोम राघू’ (राघूची बायको सखू), एवढ्यावर काम भागायचं. म्हणून कचेरीत जाण्याआधी घरातल्या जुन्या माणसांकडून पणजोबांच्या बापाचं नाव आणि भावांची नावं काढून घ्या. पाटील, कुलकर्णी ही तर वतनावरून आलेली आडनावं. एक भाऊ पाटील लावतो, दुसरा मूळ आडनावावर राहतो. दोन्ही तपासा.

त्यात आज्याचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. राघू धोंडी, धोंडी राघू, पुन्हा राघू धोंडी. दोन माणसं एक होतात आणि वंशावळीत 115 वर्षं जगलेला पूर्वज निघतो. कौतुक करण्याआधी मधली मयताची नोंद शोधा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सातबारा पाहून थांबणं. सातबारा नुसती शेवटची स्थिती सांगतो. घरात काय घडलं ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीत असतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेला खातेदार, आणि वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो टिपून गाव नमुना 6 ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागा. वारसाचा फेरफार असेल तर कोण कधी वारलं आणि मागे कोण राहिलं हे एकाच पानावर मिळतं. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याला एकुलता एक समजून बाकीचे भाऊ वंशावळीतून उडवू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे वारस त्या वेळी अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि कारभार पालनकर्त्याकडे होता. जन्मसालाचा अंदाज बांधायला यापेक्षा चांगला धागा क्वचितच मिळतो.

शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. अर्धा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला, तो गुरुजींच्या कृपेने! त्यापेक्षा तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना 14), पाहा. तिथे बाळाचं नाव पुष्कळदा नसतं, बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’ असतं. आणि थोरल्या मुलाची नोंद सापडत नसेल तर त्याच्या आजोळच्या गावाचं बुक मागा, कारण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं.

सनांची गल्लत नेहमीची. शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला 79. निजामाच्या मुलखातल्या कागदावर फसली सन, म्हणजे तिथलं महसुली वर्ष असतं. फसली 1357 म्हणजे 1947-48.

जिल्हेही बदललेत. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आणि 1981 पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, सगळा कारभार रत्नागिरीचा.

मोडी कागद वाचून घेताना ‘थोडक्यात काय लिहिलंय’ असं विचारू नका, ओळीनुसार देवनागरी लिप्यंतर मागा. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. त्यामुळे नावं हमखास चुकतात. शंका असलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायला सांगा.

कचेरीत काहीच हाती लागलं नाही, तरी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेतच. तिथे गाव आणि आडनाव यांवरून घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात, त्यामुळे मूळ गाव माहीत नसेल तर फेरी फुकट जाते. अस्थी घेऊन किंवा यात्रेला आलेल्याने स्वतः लिहिलेली नावं आणि खाली सही किंवा अंगठा, असं त्या पानांवर सापडतं. श्रावणात आणि सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका, वही काढायला कुणाला उसंत नसते. फोटो घ्यायचा तर आधी विचारा, आणि निघण्यापूर्वी आपल्या पिढीची नावं स्वच्छ अक्षरात लिहून या.