नळाच्या पाण्याचा जडपणा मोजताना या चुका टाळा

नळावर पांढरे डाग दिसू लागले की बहुतेक लोक आधी सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मृदू करणारे यंत्र, विकत घेतात आणि नंतर पाणी मोजतात. मोजतात तेही अनेकदा चुकीच्या साधनाने. त्यातली सर्वांत जुनी आणि मला सर्वाधिक चीड आणणारी चूक म्हणजे टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा अंदाज देणाऱ्या मीटरने, पाण्याचा जडपणा ठरवणे.

हा पेनाएवढा मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, तिला साधारण 0.5 ते 0.7 या दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि आलेला आकडा पडद्यावर दाखवतो. पाण्यात कॅल्शियम आहे की सोडियम, हे त्याला कळत नाही. जडपणा मात्र मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोघांचाच असतो.

ओळखीच्या एका गृहस्थांनी याच मीटरवर विश्वास ठेवून एक चांगला सॉफ्टनर मोडीत काढायला घेतला होता. यंत्र बसवल्यावर त्यांनी नळाचे पाणी मोजले, ते 430 आले. यंत्रातून आलेले पाणी मोजले, ते 425. त्यांनी तीन वेळा मीठ घालून रेझिन, म्हणजे यंत्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी, धुऊन काढले, तरी आकडा जागचा हलेना. मग तंत्रज्ञ आला, त्याने खिशातून तसाच मीटर काढला, रेझिन संपल्याचा निर्वाळा दिला आणि जवळजवळ नवे असलेले रेझिन काढून दुसरे भरले. आकडा पुन्हा 425. मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, माझे पाणीच वेगळे आहे."

मी थेंब मोजून करायच्या चाचणीची बाटली घेऊन गेलो. 5 मिलिलिटर नळाच्या पाण्यात द्रावण टाकू लागलो, तेव्हा लालसर रंग निळा व्हायला 17 थेंब लागले. त्या संचात एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम, थोडक्यात, पाण्याचा जडपणा 300 च्या आसपास होता. सॉफ्टनरचे पाणी मात्र पहिल्याच थेंबाला निळे झाले. यंत्र आपले काम चोख करत होते. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो व त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे विद्युतवाहकता फारशी बदलत नाही आणि मीटरचा आकडा जागेवरच राहतो. आधीचे रेझिनही ठणठणीत होते, पण ते तोवर कचऱ्यात गेले होते.

दुसरी चूक एककांची आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. शहराच्या पाणी अहवालात मला "कॅल्शियम 80" दिसले आणि तोच जडपणा समजून मी यंत्रात भरला. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगतात, म्हणून कॅल्शियमच्या आकड्याला 2.5 ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला 4.1 ने गुणून बेरीज करावी लागते. माझ्या अहवालात मॅग्नेशियम 24 होते, म्हणजे खरा जडपणा 298 निघत होता. यंत्र 80 धरून चालल्याने रेझिन धुण्याच्या ठरलेल्या वेळेआधीच भरून जाई आणि पुढचे कित्येक दिवस जड पाणी तसेच घरात येई. लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू आणि 180 च्या वरचे अतिशय जड, अशी एक प्रचलित विभागणी आहे. फ्रेंच अंश 10 मिलिग्रॅमचा आणि जर्मन अंश 17.8 चा असतो, त्यामुळे यंत्राच्या पुस्तिकेत नुसता "अंश" लिहिलेला असेल, तर तो कोणता हे विचारल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

शिवाय अहवालातला आकडा बहुधा संपूर्ण विभागाची सरासरी असतो. शहराला नदी आणि विहिरी असे दोन स्रोत असतील, तर ऋतूप्रमाणे त्यांचे मिश्रण बदलते आणि पाण्याचा जडपणाही बदलतो. म्हणून मी वर्षातून निदान दोनदा घरच्या नळावर थेंब मोजतो. पाच मिनिटांचे काम आहे, तरी उतावळ्या माणसाला ते जड जाते.

पाणी उकळले की जडपणा गेला, असे समजू नये: उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा थरांच्या रूपाने खाली बसतो, सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो आणि नायट्रेट असेल तर पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.

दर 100 मिलिग्रॅम जडपणामागे सॉफ्टनर सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात आणतो, म्हणून पिण्याचा नळ मी सॉफ्टनरच्या आधी जोडतो.

नळातून दुधासारखे पाणी आले की लोक घाबरून गाळणी शोधू लागतात. पेला भरून स्थिर ठेवावा. पाणी तळाकडून वर स्वच्छ होत गेले, तर ती फक्त हवा असते.

धातूची चव येते म्हणून नमुना तपासायला पाठवणारे लोक आधी दोन मिनिटे नळ वाहू देतात आणि मग बाटली भरतात. पाइपातून किंवा नळातून धातू उतरत असेल, तर तो रात्रभर साचलेल्या पहिल्याच पाण्यात सापडतो आणि तेच पाणी त्यांनी मोरीत सोडलेले असते. मुख्य जलवाहिनीतले पाणी तपासायचे असेल, तर मात्र नळ वाहू देणेच योग्य.

क्षारांचा थर काढताना सायट्रिक आम्ल उकळत्या पाण्यात घालू नये, कारण गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवा, चिवट थर बसतो. कोमट पाणी आणि अर्धा तास पुरतो. ज्या जाळीवर किंवा फरशीवर ब्लीच वापरलेले आहे, ती भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तिथे सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो खोकला सुरू व्हायच्या आधी दिसत नाही.